रोह्याची रेल्वे तुकड्यातुकड्याने धावू लागली, मग पेणचा हायवे का रखडला? उत्तर आयटीवाल्यांच्या ‘बॅकलॉग’मध्ये आहे

गणपतीला चार दिवस उरले की ऐरोली आणि हिंजवडीच्या आयटी कंपन्यांतला कोकणी माणूस सुट्टीचा मेल टाकतो आणि गाडी बाहेर काढतो. सकाळच्या मीटिंगमध्ये ‘आधी कोणतं काम घ्यायचं’ यावर त्याने तासभर डोकं लावलेलं असतं. संध्याकाळी नागोठणे-कोलाडच्या ट्रॅफिकमध्ये अडकल्यावर तो विचारतो, ‘या रस्त्याचं आधी काय करायचं, हे कुणी ठरवलं होतं का?’

प्रश्न दोन्हीकडे एकच आहे. कामं खूप, वेळ आणि पैसा कमी. मग पहिलं काम कोणतं?

बॅकलॉग म्हणजे नक्की काय?

कॉलेजच्या पोरांसाठी बॅकलॉग म्हणजे राहिलेले विषय. महाराष्ट्राच्या राजकारणात बॅकलॉग म्हणजे अनुशेष, ज्यासाठी १९८३ मध्ये दांडेकर समिती नेमावी लागली होती.

सॉफ्टवेअरमध्ये मात्र हा शब्द शिवीसारखा वापरत नाहीत. तिथे प्रॉडक्ट बॅकलॉग म्हणजे करायच्या सगळ्या कामांची एकच यादी, सगळ्यात गरजेचं काम सगळ्यात वर. २००१ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात १७ जण एकत्र बसले आणि त्यांनी ‘अ‍ॅजाइल’ पद्धतीचा जाहीरनामा लिहिला. त्यातला मुद्दा साधा होता. दोन वर्षं राबून शेवटच्या दिवशी सगळं एकदम देऊ नका. वापरता येईल असा तुकडा लवकर द्या, लोक काय म्हणतात ते बघा आणि मग पुढचा तुकडा ठरवा.

यादी लावायचा एक ठोकताळाही आहे. एखादं काम उशिरा झालं तर किती नुकसान होईल ते बघायचं आणि त्याला काम किती मोठं आहे त्याने भागायचं. नुकसान मोठं आणि काम छोटं असेल, तर ते यादीत सगळ्यात वर.

पेणच्या कारखान्यात हे आधीपासून आहे

हे समजायला लॅपटॉप लागत नाही. पेणमध्ये किंवा तालुक्यातल्या हमरापूर, जोहे भागातल्या गणपतीच्या कारखान्यात गेलात तरी पुरे.

परदेशात बोटीने जाणाऱ्या मूर्ती आधी तयार होतात, कारण त्यांना पोचायलाच कित्येक आठवडे लागतात. मग लांबच्या शहरांतल्या ऑर्डरी. जवळच्या गिऱ्हाइकाची मूर्ती शेवटी झाली तरी चालते. चतुर्थीची तारीख कुणाच्या सोयीने पुढे जात नाही, म्हणून कामाचा क्रम चुकवून चालत नाही.

अजून एक गोष्ट कारखानदाराला पक्की माहीत असते. शंभर मूर्ती रंगवून ठेवल्या, पण एकीच्याही डोळ्यांची आखणी झाली नाही, तर कागदावर काम ९० टक्के झालं आणि विकायला मूर्ती शून्य. त्यापेक्षा साठ मूर्ती आखणीसकट पूर्ण झालेल्या बऱ्या. त्या गिऱ्हाइकाच्या हातात देता येतात आणि आलेल्या पैशातून उरलेल्या चाळीसचा रंग येतो.

रोह्यापासून काय घडलं?

आता पेणहून रोह्याला जाऊ. १९८६ मध्ये आपटा-रोहा मार्ग झाला आणि रेल्वे रोह्यापर्यंत आली. पुढे कोकणात जायचं तर एसटी.

१९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झालं. जॉर्ज फर्नांडिस तेव्हा रेल्वेमंत्री होते आणि मधू दंडवते अर्थमंत्री. महामंडळाचे प्रमुख होते ई. श्रीधरन. रोहा ते मंगळुरूजवळचं ठोकूर असा मार्ग होता. दोन हजारांच्या आसपास पूल, नव्वदहून जास्त बोगदे. बराचसा पैसा रोखे काढून उभा केलेला, म्हणजे एकेका दिवसाच्या उशिरावर व्याज चढणार.

हा सगळा मार्ग एका दिवशी फीत कापून सुरू झाला नाही. १९९३ मध्ये दक्षिणेकडचा ठोकूर-उडुपी आणि उत्तरेकडचा रोहा-वीर असे सुमारे ४७-४७ किलोमीटरचे दोन तुकडे सुरू झाले. दोन्ही तुकडे आधीच्या रेल्वेला जोडलेले होते, त्यामुळे बांधून होताच गाडी धावू शकत होती. कोलाड, इंदापूर, माणगाव, गोरेगाव रोड आणि महाडकरांसाठी वीर, एवढ्या स्टेशनांवर गाडी आली. १९९५ मध्ये मार्ग खेडपर्यंत गेला, १९९६ च्या डिसेंबरमध्ये सावंतवाडीपर्यंत.

गोव्यातल्या पेडणे बोगद्याने मात्र घाम काढला. मऊ माती पुन्हा पुन्हा ढासळत होती. तो पूर्ण झाल्यावर २६ जानेवारी १९९८ ला अख्खा मार्ग कार्यान्वित झाला. पण पेडण्याची माती ढासळत होती तेव्हा माणगावचा माणूस गाडीने मुंबईला येत-जात होता. एक अवघड काम अडलं म्हणून बाकीच्यांचा फायदा अडला नाही.

मग हायवेचं काय झालं?

त्याच पट्ट्यातून मुंबई-गोवा महामार्ग जातो. पनवेल ते इंदापूर या सुमारे ८४ किलोमीटरचं चौपदरीकरण २०११ मध्ये हाती घेतलं गेलं. पेण, वडखळ, कासू, नागोठणे, कोलाड ही सगळी गावं याच टप्प्यात येतात.

भूसंपादन रखडलं, कर्नाळा अभयारण्याजवळ परवानग्यांचा प्रश्न आला, ठेकेदाराकडे पैशाची चणचण झाली, वर कोकणातला पाऊस. ही कारणं खरी आहेत. पण अडचणी कोकण रेल्वेलाही कमी नव्हत्या.

फरक कामाच्या रचनेत होता. रस्ता एकाच वेळी ठिकठिकाणी उकरला गेला. इथे काँक्रीट, तिथे अर्धा पूल, पुढे खड्डे. रस्त्याचा स्वभाव असा की तुमचा प्रवास किती वेळाचा हे सगळ्यात वाईट तुकडा ठरवतो. साठ किलोमीटर गुळगुळीत असले आणि कोलाडच्या अर्धवट पुलापाशी तासभर थांबावं लागलं, तर त्या साठ किलोमीटरचा फायदा कोलाडला संपतो. म्हणून ‘९० टक्के काम पूर्ण’ ही बातमी खरी असूनही गाडीत बसलेल्याला खोटी वाटते. डोळे न आखलेल्या मूर्तीसारखंच.

क्रम बदलला की काय होतं हेही याच महामार्गावर दिसलं. २०२३ मध्ये तत्कालीन सार्वजनिक बांधकाम मंत्री रवींद्र चव्हाण यांनी गणपतीआधी निदान एक लेन पूर्ण करायचं जाहीर केलं. सगळीकडे थोडंथोडं करण्याऐवजी एक बाजू आधी वापरात आणायची, असा त्याचा अर्थ. त्याच गणपतीला पोलादपूर-खेड दरम्यानच्या कशेडी बोगद्याची एक बाजू कोकणात जाणाऱ्या हलक्या वाहनांसाठी तात्पुरती खुली झाली. दुसरी बाजू बाकी होती, तरी घाटाची वळणं वाचली.

पण ‘लवकर’ कुणासाठी?

इथे गोष्ट अवघड होते. यादीत एक काम वर गेलं की दुसरं खाली जातं. दरवर्षी सगळी धडपड गणपतीच्या तारखेसाठी झाली, तर यादी मुंबईहून येणाऱ्याच्या सोयीने लागते. गाव हायवेला लागून असेल तर तिथल्या माणसाला बारा महिने सर्व्हिस रोड, भुयारी मार्ग, दिवे आणि शाळेच्या पोरांना रस्ता ओलांडायची जागा लागते. ही कामं लहान असतात. नुकसान भागिले आकार हा हिशोब लावला, तर ती वर यायला हवीत. मुख्य रस्ता आधी, बाकी नंतर, असं ठरलं की ती तळाला जातात.

दुसरी गोष्ट सुरक्षेची. तुकडा लवकर देणं म्हणजे अर्धवट देणं नव्हे. रेल्वेचा नवा मार्ग रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या तपासणीशिवाय प्रवाशांना खुला होत नाही. रोहा-वीर तुकडा छोटा होता, पण तेवढा पूर्ण होता. चालू रस्त्याचं रुंदीकरण करताना काम आणि रहदारी शेजारी-शेजारी असतात. तिथे वळणाची पाटी, दिवे आणि कठडा नसेल, तर अर्धवट तुकडा जीवावर बेततो.

तुम्ही काय विचारायचं?

२०२५ च्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी हा महामार्ग जूनपर्यंत पूर्ण होईल असं सांगितलं होतं. जून गेला, त्या वर्षीचे गणपतीही गेले. प्रत्येक नव्या तारखेवर मीम्स होतात आणि होतही राहतील.

पण ‘कधी पूर्ण होणार’ या प्रश्नाला तारीख देऊन सुटता येतं. म्हणून पुढची पोस्ट टाकताना तीन प्रश्न विचारा. कुठून कुठपर्यंतचा रस्ता या पावसाळ्याआधी सलग आणि सुरक्षित वापरता येईल? त्यानंतरचा तुकडा कोणता? आणि कोणतं काम खाली ढकललं, त्यासाठी कुणाला थांबावं लागणार?

रोह्यापुढच्या पहिल्या ४७ किलोमीटरबद्दल या प्रश्नांची उत्तरं देता येत होती. पेण-नागोठणे-कोलाडच्या लोकांनाही तीच मिळायला हवीत.