यंत्राच्या तारेलाही कुलूप हवे



दुकान बंद करताना आपण कुलूप दोनदा ओढून पाहतो. पण ज्या कारखान्यातून आपला माल येतो तेथील यंत्राला कुलूप आहे की नाही, हे आम्ही कधी विचारले नव्हते. मागे एका रंगाई कारखान्यातून आमचा सबंध लॉट दोन छटांत आला. चौकशी केली तेव्हा कळले की यंत्र पुरवणाऱ्याचा इंजिनिअर दूरच्या शहरातून इंटरनेटवरून यंत्रात शिरतो व आकडे बदलतो, आणि त्याचा पासवर्ड पॅनेलच्या दारावर पेनाने लिहिलेला आहे! आकडे त्याने बदलले की दुसऱ्या कोणी, हे आजवर कळले नाही, कारण नोंदच नव्हती. नुकसान मात्र आमच्या वहीत पडले.

आजच्या यंत्राचा मेंदू म्हणजे पीएलसी. तो संगणकाशी ज्या बोलीत बोलतो त्यांतली एक फार प्रचलित बोली म्हणजे मॉडबस. मॉडिकॉन कंपनीने ती १९७९ साली काढली. त्या काळी तार कारखान्याच्या चार भिंतींतच असे, म्हणून हुकूम देणारा कोण, हे विचारण्याची सोय तिच्यात ठेवलीच नाही. आता तीच तार राउटरमधून जगाला जोडली गेली आहे.

काही बंधू म्हणतात, ही मोठ्यांची दुखणी. तसे नाही. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या नावाचा विषाणू युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून पसरला आणि जहाज कंपनी मर्स्कचे संगणक बंद पडले. त्याचा फटका न्हावाशेवा बंदरातील तिच्या टर्मिनललाही बसला. आपल्या कापडाचे कंटेनर याच बंदरातून जातात. शिरला हिशेबाच्या दारातून, अडकला माल!

कायदाही आता आपल्या दारी आला आहे. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी हुकूम काढला. सायबर हल्ला कळल्यापासून सहा तासांत कळवावा, संगणकाच्या नोंदी १८० दिवस जपाव्यात, असे त्यात आहे. कळवण्याच्या प्रकारांत कारखान्याची यंत्रे चालवणाऱ्या यंत्रणेवरील हल्लेही धरले आहेत. छोट्या उद्योगांना २५ सप्टेंबर २०२२ पर्यंत मुदत दिली होती. म्हणजे छोटेही यात आलेच.

युरोपने याहून पुढचे पाऊल टाकले आहे. तेथील सायबर रेझिलियन्स कायदा डिसेंबर २०२४ मध्ये अमलात आला. त्याची मुख्य बंधने ११ डिसेंबर २०२७ पासून आहेत. सॉफ्टवेअर असलेले यंत्र तेथे विकायचे तर ते आधीच सुरक्षित करून विकावे लागेल, आणि नंतर सापडलेला दोषही दुरुस्त करून द्यावा लागेल. आपल्या नगर जिल्ह्यात नागापूर आणि सुपा येथे औद्योगिक वसाहती आहेत. अशा ठिकाणी पॅनेल वायरिंग करणाऱ्या आपल्या मुलांनी हे नीट ऐकावे. यंत्र युरोपात पाठवणारा कारखानदार उद्या त्यांनाच विचारील, पासवर्ड कोणाकडे आहे? ज्याला उत्तर देता येईल, काम त्याला मिळेल.

करायचे काय? खर्च थोडा, शिस्त जास्त. यंत्रासोबत आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. यंत्राची तार व दुकानाचा वायफाय वेगळे ठेवा. बाहेरच्या इंजिनिअरला काम असेल तेवढ्या वेळच आत घ्या, काम संपले की दार बंद. कोण आला, काय बदलले, याची नोंद ठेवा. परक्याचा पेन ड्राइव्ह लावू देऊ नका. यंत्राच्या प्रोग्रामची एक प्रत वेगळी जपा. नवे यंत्र घेताना सौद्यातच लिहून घ्या की सॉफ्टवेअरची दुरुस्ती किती वर्षे मिळेल. सर्ट-इनचा टोल फ्री क्रमांक १८००-११-४९४९ पॅनेलवर लिहा, पासवर्ड लिहू नका!

सरकारलाही आमचे सांगणे आहे. सहा तासांची अट घालता, तर ती पाळायला शिकवाही. चार कामगारांच्या कारखान्यात इंग्रजी हुकूम कोण वाचणार? जिल्हा उद्योग केंद्राने मराठीत आणि उर्दूत साधी पत्रके काढावीत, वसाहतीत येऊन एक दिवसाचे शिबिर घ्यावे.

ग्राहकाचा माल आपल्याकडे अमानत असतो. आता ज्या यंत्रावर तो तयार होतो त्याचा पासवर्डही अमानतच समजावा.