नकार तरी लेखी द्या!

'आता सर्व कामे घरबसल्या होतात' असे शासन अभिमानाने सांगत असते. कोणाच्या घरी बसल्या, असा आमचा सवाल आहे. अहमदपूर तालुक्यातील ज्या घरात एकच मोबाईल आहे, आणि तोही कर्त्या मुलाबरोबर उसाच्या फडावर गेलेला आहे, त्या घरात ओटीपी यावयाचा कोणाकडे?

गेल्या महिन्यात एक बौद्ध भगिनी आपल्या मुलीस घेऊन माझ्याकडे आल्या. मुलगी बारावी उत्तीर्ण झालेली, पुढील शिक्षणास प्रवेश मिळालेला. परंतु जातीचा दाखला नसल्याने शिष्यवृत्तीचा अर्ज अडलेला. दाखल्यासाठी अर्ज केला होता काय, असे मी विचारले. "तीनदा केला, वकीलसाहेब. तिन्ही वेळा दुकानातला पोरगा म्हणाला, घेत नाही." कोण घेत नाही? "कंप्युटर घेत नाही."

कारण शोधू जाता विलक्षण गोष्ट उघडकीस आली. महाराष्ट्रात अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी कुटुंबाचे १० ऑगस्ट १९५० रोजीचे वास्तव्य पाहिले जाते. ह्या कुटुंबापाशी त्या काळचा कागद आहे, पण त्यावर जिल्हा बिदर असा आहे. त्यात नवल ते काय? अहमदपूर तालुका निजामी राज्यात बिदर जिल्ह्यातच होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली तेव्हा तो उस्मानाबादेस जोडला गेला. लातूर जिल्हा तर १९८२ साली जन्मास आला. नागपूरच्या दीक्षेनंतर अठराच दिवसांनी आपल्या गावांचा जिल्हा बदलला! महसुलातील जुन्या कारकुनास हे तोंडपाठ असे. दुकानातील मुलाने यादीत बिदर शोधला, तो कर्नाटकात सापडला, आणि पिढ्यान् पिढ्या एकाच गावात राहिलेले कुटुंब परराज्यातून आलेले ठरले. त्या मुलाचा दोष नाही. त्यास कोणी शिकविलेच नाही.

आपल्यातील काही सुशिक्षित तरुण म्हणतात, "संगणकाला जात नाही. कारकुनाच्या टेबलाशी आपल्या बापजाद्यांनी जो अपमान गिळला, तो तरी चुकला." ह्या म्हणण्यात तथ्य आहे, ते मी नाकारीत नाही. त्या टेबलाशी मीही उभा राहिलो आहे. परंतु कारकुनास नाव होते, हुद्दा होता, वर साहेब होता. त्याच्याविरुद्ध तक्रार करता येत असे, आणि आपण ती करावयास शिकलो होतो. आज त्या टेबलाच्या जागी दलालाचे दुकान आले आहे. सरकारी दर भिंतीवर असतो आणि खरा दर तोंडी सांगितला जातो. कायद्याची पदवी घेतलेला मी. मलाही त्या मुलावाचून अर्ज भरता येत नाही, हे कबूल करावयास लाज कसली?

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ साली आला. अर्जाची पोच द्यावी, ठराविक मुदतीत सेवा द्यावी, नाकारल्यास कारणे लेखी कळवावीत, असे हा कायदा सांगतो. मुदत टळली वा नकार आला तर तीस दिवसांत पहिले अपील करता येते. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यास पाचशेपासून पाच हजार रुपयांपर्यंत दंड आहे. कायदा चांगलाच आहे. पण अर्ज संगणकात शिरलाच नाही तर पोच कशाची? मुदत कोणत्या दिवसापासून मोजावयाची? दंड कोणास करावयाचा? पडद्यावरील गोल चक्र फिरत राहते, आणि त्या चक्राविरुद्ध अपील करण्याची सोय कोणत्याही कायद्यात नाही.

१९५० च्या अनुसूचित जाती आदेशात बौद्धांचा समावेश नव्हता. तो नकार छापील होता, म्हणून त्याच्याशी लढता आले, आणि १९९० साली संसदेला तो आदेश दुरुस्त करावा लागला. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली, तेव्हा डॉ. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. आज तिचा अर्ज महाडीबीटीच्या संकेतस्थळावरच भरावा लागतो. जे लढून मिळविले ते न नाकारताच हातचे जाऊ लागले, तर दाद मागावी कोणाकडे?

सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी, दृष्टिहीन व ॲसिडहल्ल्यातील पीडितांच्या याचिकांवर निकाल देताना, डिजिटल सेवा गाठता येणे हा अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचाच भाग आहे असे म्हटले. ज्यास ती गाठता येत नाही त्याच्यासाठी वाट करणे हे, माझ्या मते, शासनाचे कर्तव्य ठरते. सबब मागणी एवढीच की, प्रत्येक तहसिलीत कागदी अर्ज घेणारी एक खिडकी असावी आणि तिने तारखेची पोच द्यावी. संगणकात भरण्याचे काम पगारी नोकराने करावे. ते मोलमजुरी करणाऱ्या बाईवर लादू नये.

त्या मुलीचा अर्ज आम्ही कागदावर लिहिला. जुन्या कागदाची सत्यप्रत जोडली, १९५६ च्या राज्यपुनर्रचना कायद्यातील उतारा जोडला, आणि तो बारनिशीच्या टेबलावर नेला. "ऑनलाइन करा," म्हणून तो परत करण्यात आला. तेच वाक्य लेखी द्यावे, अशी विनंती मी केली. लेखी मिळाले नाही. अर्ध्या तासाने अर्जावर आवक शिक्का मात्र पडला. पोच आईने वहीत जपून ठेवली आहे; शिक्क्यावरील तारखेपासून आम्ही दिवस मोजीत आहोत, आणि अपिलाचा मसुदा तयार आहे.