संध्याकाळचे युनिट, दुपारचा भाव

वाचकांच्या पत्रांत गेले कित्येक महिने एकच तक्रार येते आहे. सौर प्लांट ठणठणीत, निर्मिती कोटेशनात लिहिल्याबरहुकूम, तरी कारखानदार बिल पुढे करून विचारतो की बचत गेली कुठे. उत्तर टीओडीच्या, म्हणजे दिवसाच्या वेळेनुसार बदलणाऱ्या वीजदराच्या, बदललेल्या वेळांत आहे. जुन्या रचनेत रात्री १० ते सकाळी ६ ऑफ-पीक होते आणि युनिटमागे दीड रुपया सूट मिळे. सकाळी ९ ते १२ मात्र ८० पैसे जादा पडत. छतावरील प्रकल्पांच्या २०१९ च्या विनियमांनुसार कोणत्याही कालखंडात उरलेली निर्मिती ऑफ-पीकमध्ये झाली असे धरायचे. त्यामुळे दुपारी उरलेले युनिट रात्रपाळीच्या वापरातून वजा होई. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या २८ मार्च २०२५ च्या बहुवार्षिक दर आदेशाने स्वस्त वेळ सकाळी ९ ते सायंकाळी ५ अशी केली आणि पाचपासून मध्यरात्रीपर्यंतचा काळ महाग केला. म्हणजे ऑफ-पीकच उन्हात आले आणि दुपारची शिलकी दुपारीच अडकून पडली.

आदेश पाच दिवसांत स्थगित झाला, २५ जूनला फेरआढाव्याचा आदेश आला, प्रकरण न्यायालयात गेले. तरी दुपार स्वस्त आणि संध्याकाळ महाग ही दिशा उलटेल, अशी आशा कोणी धरू नये. केंद्राच्या ग्राहक हक्क नियमांच्या २०२३ च्या दुरुस्तीतच सौर तासांचा दर किमान २० टक्के कमी आणि उद्योग-व्यापारासाठी पीकचा दर किमान २० टक्के जास्त असावा, असे म्हटले आहे. शिवाय मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्ये नऊ हजार मेगावॉटहून अधिक क्षमतेची इरादापत्रे दिली गेली, तीही युनिटला तीन रुपयांच्या आसपास. शेतीपंप दिवसा चालले की ही वीज खपेल हे खरे. पण पावसाळ्यात पंप बंद असतात आणि दिवे लागल्यावर पॅनेल काहीच देत नाही. दुपारच्या युनिटला संध्याकाळचे मोल मागणे आता न्यायाचे नाही. तो हट्ट आपण सोडावा.

पण मग संध्याकाळच्या युनिटला संध्याकाळचे मोल द्या. तेही मिळत नाही, आणि आमचे खरे गाऱ्हाणे हेच आहे. एखाद्या एकपाळी कारखान्याने दुपारची वीज बॅटरीत साठवून रात्री आठला ग्रिडमध्ये सोडली, तरी विनियमाच्या त्याच वाक्यामुळे ती ऑफ-पीक निर्मितीच धरली जाते. ग्राहक आठ वाजता वीज घेतो तेव्हा पीकचा दर, देतो तेव्हा दुपारचा. वाक्य लिहिले तेव्हा छतावर बॅटरी नव्हती आणि ऑफ-पीक रात्री असे. दोन्ही गोष्टी बदलल्या, वाक्य तसेच राहिले. घाटघरचा २५० मेगावॉटचा उदंचन प्रकल्प २००८ पासून स्वस्त वेळेची वीज साठवून महाग वेळेला देण्याच्या याच तत्त्वावर चालतो, मोठ्या बॅटऱ्यांच्या निविदांना केंद्र व्यवहार्यता तूट निधी देते. मग ग्राहकाने स्वतःच्या पैशाने बसवलेली बॅटरी तेवढी हिशेबाबाहेर का?

यावर महावितरणचे अधिकारी तीन हरकती घेतील. पहिली, मीटर. टीओडी ग्राहकाच्या नेट मीटरमध्ये आयात-निर्यात कालखंडनिहाय नोंदवलीच जाते. आकडे आहेत, बिलात ते वापरायचे एवढेच बाकी आहे. दुसरी, ग्राहक ग्रिडचीच स्वस्त वीज दुपारी भरून रात्री विकेल. विकू द्यावी. दुपारी वीज उरते आणि संध्याकाळी कमी पडते ही तुमचीच अडचण तो सोडवतो आहे. गैरफायद्याची भीती असेल तर मंजूर भाराच्या प्रमाणात निर्यातीला मर्यादा घाला. तिसरी हरकत महसुलाची, आणि ती गंभीर आहे, कारण उद्योगांच्या जादा दरावरच इतरांची सवलत उभी असते. मात्र पीकला विकायचे युनिट महावितरणला फुकट येत नाही. पीकला बाजारातून महाग वीज घेऊन वाहिन्यांतली गळती सोसण्यापेक्षा शेजारच्या औद्योगिक वसाहतीतून आलेले युनिट काय भावाने पडते, हा हिशेब महावितरणने मांडावा. तो न मांडता नाही म्हणणे हा युक्तिवाद नव्हे.

आता आपल्याच प्रतिष्ठापक मंडळींकडे. वेळा बदलून गेल्या तरी कोटेशनवर 'बिल शून्य' छापणारे अजून आहेत, आणि त्यातले काही आता सरसकट बॅटरी विकू लागले आहेत. उदाहरणापुरता मूळ दर ८ रुपये धरा; दुपारी ६.४०, पीकला ९.६०. बॅटरीची कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर साठवलेले युनिट ७.५३ ला पडते आणि फायदा जेमतेम दोन रुपये. वर्षाला ३०० सायकल धरल्या तर क्षमतेच्या युनिटमागे सुमारे ६२० रुपये. यात बॅटरीचे पैसे निघत नाहीत. पण ज्यांची शिलकी महिनाअखेरीसही उरते आणि वर्षअखेरीस समजा तीन रुपयांना जाते, त्यांचे तेच युनिट संध्याकाळी स्वतः वापरल्यास सहा रुपये वाचवते, म्हणजे वर्षाला सुमारे १,८२० रुपये. हॉटेल, रुग्णालय, शीतगृह यांपैकी अनेक जण या गटात बसतील. दिवसाचा वापर निर्मितीहून जास्त असलेला एकपाळी कारखाना बसणार नाही. मीटरचा लोड सर्व्हे न पाहता दोघांना एकच कोटेशन देणारा धंद्याचे नाव घालवतो आहे.

आयोगाकडे मागणी एकच हवी: पीकमध्ये निर्यात केलेले युनिट पीकचेच धरावे, आणि ते दुपारच्या वापरात वळते करायचे झाल्यास दरांच्या प्रमाणात करावे. वरच्या उदाहरणात एकास दीड. त्यासाठी विनियमातले एक वाक्य बदलावे लागेल, आणि ते मोर्च्याने बदलत नाही, आकड्यांनी बदलते. जनसुनावणीत वीज कंपनी जाडजूड तक्ते घेऊन येते आणि आपण भावना घेऊन जातो. प्रत्येक प्रतिष्ठापकाने आपल्या टीओडी ग्राहकांची, त्यांच्या संमतीने, बारा महिन्यांची कालखंडनिहाय बिले आमच्याकडे पाठवावीत. नावे गाळून त्यांचे एकत्रित निवेदन आम्ही आयोगापुढे मांडू. ज्यांनी आजवर फक्त तक्रारीची पत्रे लिहिली, त्यांनी यावेळी सोबत बिलेही जोडावीत.