विद्यावेतन महिन्याच्या महिन्याला द्या, उशीर झाला तर व्याजासह द्या

२०२४ आणि २०२५ मध्ये देशभरातल्या विद्यापीठांतल्या आणि प्रयोगशाळांतल्या संशोधक विद्यार्थ्यांनी आपली परवड जाहीरपणे मांडली. केंद्राच्या नामांकित विज्ञान योजनांत निवडल्या गेलेल्या या मुलामुलींपैकी काहींना आठ महिन्यांहून अधिक काळ विद्यावेतनाचा एक रुपयाही मिळाला नव्हता. त्याआधी २०२३ मध्ये महाराष्ट्रातले संशोधक अधिछात्रवृत्तीसाठी मुंबईच्या आझाद मैदानावर धरणे धरून बसले होते. त्याच वर्षीच्या राज्य विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनात, पीएचडी करून ही मुले काय दिवे लावणार, अशा अर्थाचा सवाल नागपुरात सभागृहात झाला. तो कोणी केला हा मुद्दा नाही. तसा विचार कितीतरी कार्यालयांत, कितीतरी टेबलांवर रोज होतो, हा मुद्दा आहे.

संशोधक विद्यार्थ्यांच्या गाऱ्हाण्यांची यादी मोठी आहे आणि ती वाचकांना ठाऊक आहे. जागा थोड्या, रकमा तुटपुंज्या, परीक्षांचा भरवसा नाही. जून २०२४ ची सीएसआयआर-यूजीसी नेट परीक्षा चार दिवसांवर आलेली असताना पुढे ढकलली गेली आणि जुलैअखेर झाली. ही सगळी गाऱ्हाणी खरी आहेत. या पत्रकाचा रोख मात्र एकाच गोष्टीवर आहे: निवड झाली, आदेश निघाला, रक्कम ठरली, आणि तरीही विद्यावेतन महिनोन्महिने थकवायचे, ही प्रथा. ती इतकी अंगवळणी पडली आहे की वसतिगृहांत ‘फेलोशिप आली का?’ हा प्रश्न ‘जेवलास का?’ इतक्या सहजपणे विचारला जातो.

आधी करार काय आहे ते पाहावे. एमएस्सी झालेला विद्यार्थी रसायन, भौतिकी, जीवशास्त्र, गणित किंवा भूविज्ञान यांपैकी एका विषयात नेट देतो आणि कनिष्ठ संशोधन अधिछात्र, म्हणजे जेआरएफ, म्हणून निवडला जातो. १ जानेवारी २०२३ पासून लागू झालेल्या दरांनुसार त्याला पहिली दोन वर्षे महिना ३७,००० रुपये, पुढची तीन वर्षे वरिष्ठ अधिछात्र, म्हणजे एसआरएफ, म्हणून ४२,००० रुपये आणि वर घरभाडे भत्ता मिळायचा असतो. भत्ता सोडून पाच वर्षांची बेरीज २४ लाख रुपये होते. त्या बदल्यात त्याने पूर्णवेळ संशोधन करायचे आणि दुसरी पगारी नोकरी धरायची नाही. अट स्वच्छ आहे, रास्तही आहे. पण विद्यार्थ्याने ती पहिल्या दिवसापासून पाळायची आणि देणाऱ्याने पैसे सवडीने पाठवायचे, याला करार म्हणत नाहीत. बाहेर कमवायला बंदी आणि आतले उत्पन्न बंद, अशा कोंडीत पंचविशीतला हुशार माणूस अडकवून ठेवायचा आणि वर त्याच्याकडून मूलभूत संशोधनाची अपेक्षा करायची, हा निर्लज्जपणा आहे.

ही कोंडी पैसा नाही म्हणून होत नाही. पैसा वाटेत अडतो. योजनेगणिक वाट थोडी बदलते, टप्पे साधारण तेच राहतात. विद्यार्थी रुजू अहवाल देतो. गाइड हजेरीवर सही करतो, विभागप्रमुख त्यावर सही करतो, घरभाड्याचे प्रमाणपत्र जोडले जाते, कागद वित्त विभागात जातो. काही योजनांत दर महिन्याला पोर्टलवर एका कर्मचाऱ्याने, ‘मेकर’ने, नोंद भरायची आणि दुसऱ्याने, ‘चेकर’ने, ती मंजूर करायची असते. दोघांपैकी एक रजेवर गेला किंवा त्याची बदली झाली की त्या महिन्याचे विद्यावेतन तिथेच राहते. इतर काही योजनांत वर्षाचा हप्ता संस्थेकडे येतो आणि मागच्या वर्षीचे उपयोगिता प्रमाणपत्र, ज्याला सगळे ‘यूसी’ म्हणतात, वर पोहोचल्याशिवाय पुढचा हप्ता सुटत नाही. यूसी तयार करायची लेखा विभागाने, सही करायची अधिकाऱ्यांनी, आणि ती रखडली तर हाल विद्यार्थ्याचे. आर्थिक वर्ष संपले की एप्रिल, मे, जून नव्या वाटपाची वाट पाहण्यात जातात. दोन वर्षांनी जेआरएफचा एसआरएफ होताना समिती बसवावी लागते, आणि बाहेरच्या तज्ज्ञाची तारीख मिळेपर्यंत महिना ५,००० रुपयांचा फरक लटकत राहतो. मधेच पैसे वळते करण्याची सरकारी प्रणाली बदलली की जुनी वाट बंद होते, नवी सुरू झालेली नसते, आणि ‘तांत्रिक अडचण’ या दोन शब्दांत सहा महिने जिरतात.

या टप्प्यांवर सही करणाऱ्यांचा पगार मात्र त्याच ‘तांत्रिक अडचणीं’तून वाट काढत महिनाअखेरीस जमा होतो.

उशिरा पैसे देणे ही चूक आहे, हे भारतीय कायद्याने फार पूर्वीच मान्य केले आहे. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याने कामगाराची मजुरी पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत, आणि हजार किंवा त्याहून अधिक कामगार असतील तर १० तारखेच्या आत, द्यायला लावली. रोजगार हमीचा रस्ता देशाला महाराष्ट्राने दाखवला. पुढे २००५ चा केंद्रीय कायदा आला तेव्हा मजुरी पंधरवड्याच्या आत देण्याचे बंधन आले आणि उशिरासाठी दिवसाला ०.०५ टक्के भरपाईचा दर ठरवला गेला. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्यानुसार लहान पुरवठादाराचे बिल ४५ दिवसांपलीकडे थकले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज द्यावे लागते. आणि नागरिकाने आयकर विवरणपत्र उशिरा भरले तर थकलेल्या करावर महिना १ टक्का व्याज सरकार न विसरता वसूल करते.

आता एकाच प्रयोगशाळेतले दोन हिशेब शेजारी ठेवावेत. काचेचा चंबू पुरवणाऱ्या लघुउद्योजकाचे बिल थकले तर चक्रवाढ व्याज मागण्याचा हक्क त्याला कायद्याने दिला आहे. त्याच चंबूत रात्रभर अभिक्रिया चालवणाऱ्या विद्यार्थ्याचे नऊ महिन्यांचे ३,३३,००० रुपये थकले तर त्याला व्याज नाही, भरपाई नाही, कोणी दिलगिरीचे पत्रही पाठवत नाही. दर महिन्याच्या अखेरीस देय असलेली ही रक्कम नवव्या महिन्याच्या शेवटी एकदम दिली आणि आयकराचाच महिना १ टक्क्याचा साधा दर लावला, तर व्याज १३,३२० रुपये होते. हे पैसे कोणाच्या तरी खिशातून गेलेले असतातच. मित्रांची उसनवारी, क्रेडिट कार्डाची थकबाकी, वडिलांनी गावच्या सोसायटीतून काढलेले कर्ज, आईचे गहाण पडलेले दागिने, असा त्यांचा हिशेब लागतो. कोणत्याही कायद्याने न लादलेला हा कर देशातल्या सर्वांत होतकरू पदवीधरांकडून घेतला जातो.

आणि तो सगळ्यांना सारखा पडत नाही. नेट परीक्षा गुणवत्तेची चाळणी लावते. उशीर दुसरी चाळणी लावतो, ती आईवडिलांच्या उत्पन्नाची असते. पुण्यात स्वतःचे घर आणि घरात दोन पगार असलेला विद्यार्थी नऊ महिने कसेबसे निभावून नेतो. नंदुरबार, गडचिरोली किंवा परभणीहून आलेली, घराण्यातली पहिली पदवीधर मुलगी ते करू शकत नाही. फेलोशिप लागली म्हणून गावात तिचा सत्कार झालेला असतो, आता घरी चार पैसे येतील या भरवशावर धाकट्या भावाच्या कॉलेजची फी ठरलेली असते. चौथ्या महिन्यात ती नियम मोडून खासगी क्लासमध्ये शिकवायला लागते. सहाव्या महिन्यात स्पर्धा परीक्षेचा अर्ज भरते. घरच्यांना लग्नाचा विषय काढायला निमित्त मिळते. तिने संशोधन सोडले तर नोंद एवढीच होते की उमेदवाराने वैयक्तिक कारणास्तव राजीनामा दिला. वंचित समाजांतल्या मुलांना विज्ञानात आणण्यासाठी खास योजना काढायच्या, त्यांची जाहिरात करायची, आणि मग त्याच मुलांना विद्यावेतन थकवून बाहेर काढायचे, हे योजनेच्या हेतूचेच उल्लंघन आहे.

यावर जी उत्तरे ऐकवली जातात ती संताप आणणारी आहेत. तरीही एकेक घेतली पाहिजेत.

पहिले उत्तर: पैसे बुडत तर नाहीत, उशिरा का होईना एकरकमी मिळतात ना! नोव्हेंबरचे घरभाडे नोव्हेंबरातच द्यावे लागते. मेसवाला अरिअर्सची वाट पाहत नाही. आजारी आईचे औषध यूसी मंजूर होईपर्यंत थांबत नाही. हे उत्तर देणाऱ्या अधिकाऱ्याने स्वतःचा पगार वर्षातून एकदा, एकरकमी घेण्याचे मान्य करावे, मग हा युक्तिवाद पुढे ऐकता येईल.

दुसरे उत्तर अधिक सोज्वळ असते: संशोधन ही तपश्चर्या आहे, खरा संशोधक पैशाकडे पाहत नाही. हे सांगणाऱ्यांनी श्रीनिवास रामानुजन यांचे १९१३ हे साल नीट वाचावे. रामानुजन तेव्हा मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये कारकून होते. जानेवारीत त्यांनी केंब्रिजचे गणितज्ञ हार्डी यांना पहिले पत्र पाठवले. फेब्रुवारीतल्या दुसऱ्या पत्रात, प्रमेयांच्या जोडीला, आपण अर्धपोटी असल्याचे आणि मेंदू शाबूत ठेवायचा तर आधी अन्न हवे असल्याचे त्यांनी उघडपणे कळवले, आणि शिष्यवृत्ती मिळायला मदत होईल असे पत्र मागितले. त्याच वर्षी मद्रास विद्यापीठाने, हातात पदवी नसलेल्या या माणसाला, महिना ७५ रुपयांची संशोधन शिष्यवृत्ती दिली. अट होती दर तिमाहीला अहवाल देण्याची. ते अहवाल रामानुजन यांनी दिले आणि १९१४ मध्ये ते केंब्रिजला गेले. जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनी १९३० च्या दशकात केंब्रिजला पोहोचल्या आणि १९३९ मध्ये पीएचडी झाल्या, त्यांच्याही पाठीशी शिष्यवृत्ती होती. तपश्चर्येचे गोडवे गाणारे ज्यांची नावे घेतात, त्यांनाही पोट होते आणि त्यांनी ते लपवले नाही.

तिसरे उत्तर गंभीर आहे, म्हणून त्याला शांतपणे उत्तर दिले पाहिजे. हा जनतेचा पैसा आहे, पडताळणी हवीच. हवीच. पण सरकारी शिक्षकाचा पगारही जनतेचाच पैसा आहे आणि त्याची तपासणी पगार थांबवून होत नाही. पगार चालू राहतो, लेखापरीक्षण नंतर होते, जास्त गेलेली रक्कम वसूल केली जाते. संशोधक विद्यार्थ्याची नोंदणी पाच वर्षांची असते, दरवर्षी प्रगती अहवाल असतो, रोज तोंड पाहणारा गाइड असतो. पैसे घेऊन तो पळून जाईल ही भीती बाळगायला आधार नाही. उलट काही संस्था आपल्या निधीतून विद्यावेतन वेळेवर देतात आणि अनुदान आले की ते वळते करून घेतात. जिथे इच्छा आहे तिथे पडताळणी आणि महिन्याचा पैसा दोन्ही एकत्र चालतात.

उरले ते दिवे लावण्याचे. २०२० च्या साथीत संशोधन संस्थांच्या प्रयोगशाळांत आरटीपीसीआर चाचण्या सुरू झाल्या तेव्हा पिपेट हातात घेऊन उभे राहणाऱ्यांत संशोधक विद्यार्थी होते. जून २०२३ मध्ये अतिशय कमी वारंवारतेच्या गुरुत्वीय लहरींचे पुरावे जगासमोर आले, त्यात जुन्नर तालुक्यातल्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणीची निरीक्षणे होती, आणि त्या निरीक्षणांवर काम करणाऱ्या गटात पीएचडीचे विद्यार्थी होते. २०२०-२१ मध्ये भारताने आपल्या सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.६४ टक्के एवढाच पैसा संशोधन आणि विकासावर खर्च केला. दहा लाख लोकांमागे २६२ संशोधक अशी २०२० ची सरकारी आकडेवारी आहे. इतक्या थोड्या माणसांनाही वेळेवर पैसे देता येत नसतील तर जाब व्यवस्थेला विचारायचा, विद्यार्थ्याला नाही.

म्हणून मागण्या मोजक्या आणि तपासता येतील अशा आहेत. प्रत्येक योजनेत विद्यावेतन पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत खात्यात जमा व्हावे. नोंदणी चालू आहे तोवर हजेरी गृहीत धरावी, आणि गाइडने लेखी हरकत घेतली तरच पैसे थांबवावेत. प्रत्येक संस्थेकडे तिच्या अधिछात्रांचे तीन महिन्यांचे विद्यावेतन भागेल एवढा फिरता निधी असावा. प्रणाली बदलायची असेल तर नवी चालू झाल्याशिवाय जुनी बंद करू नये. उशीर झाला तर व्याज अर्ज न करता, थकलेल्या रकमेसोबतच मिळावे, आणि त्याचा दर लघुउद्योगांच्या कायद्यापेक्षा कमी नसावा. प्रत्येक योजनेने दर महिन्याला जाहीर करावे की एकूण अधिछात्र किती, पैसे किती जणांना मिळाले, किती जणांचे अडले आणि कोणत्या टप्प्यावर अडले.

हे पत्रक ज्यांच्या हाती पडेल त्यांत विद्यापीठांच्या अधिसभांचे सदस्य असतील, प्राध्यापक संघटनांचे कार्यकर्ते असतील, आमदार-खासदारांच्या कार्यालयांत जाणे-येणे असलेले लोक असतील. अधिसभेच्या येत्या बैठकीत आणि विधिमंडळाच्या व संसदेच्या येत्या अधिवेशनात एकच प्रश्न विचारला जावा: आजच्या तारखेला किती संशोधक विद्यार्थ्यांचे विद्यावेतन ३० दिवसांहून अधिक काळ थकले आहे, आणि ते कोणत्या तारखेपर्यंत व्याजासह दिले जाईल? उत्तर लेखी मागावे. दिलेली तारीख उलटली तर तोच प्रश्न पुढच्या बैठकीत पुन्हा विचारावा, आणि शेवटच्या विद्यार्थ्याची थकबाकी चुकती होईपर्यंत तो कामकाज पत्रिकेवरून काढू देऊ नये.