तिसरी भाषा राहू द्या, मेळघाटात आधी दुसरीचं बघा

धारणी : पहिलीपासून हिंदीचा जीआर १६ एप्रिल २०२५ ला निघाला, १७ जूनला त्यात सुधारणा झाली, आणि २९ जूनला दोन्ही रद्द करून डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती जाहीर झाली. राज्यभर रान पेटलं. आमच्या धारणी-चिखलदऱ्यात मात्र हिशोबच वेगळा. कोरकू पोराच्या घरात कोरकू, बाजारात हिंदी, शाळेत मराठी आणि इंग्रजी. म्हणजे मराठी इथं नव्याने शिकायची भाषा आहे, पण शिकवतात ती घरचीच समजून.

कोरकू ही मराठीची बोली नाही. ती मुंडा कुळातली, संथालीच्या नात्यातली. मराठीची तीन लिंगं तिच्यात नाहीत, सजीव-निर्जीव असा भेद आहे. म्हणून पोरगं 'माय आला' म्हणतं आणि ढ ठरतं. उलट कोरकूत दोघांसाठी वेगळं द्विवचन आहे. ते शिकायला बसलो तर आपणही ढच.

मला जी मोडकीतोडकी कोरकू येते ती सोयाबीन सोंगताना मजुरांकडून आली. चुकलो की बाया हसायच्या, बरोबर शब्द म्हणून दाखवायच्या, मी तोच धरून पुढचं विचारायचो. वही-पेन काही नव्हतं, पण बोलल्याशिवाय काम अडायचं.

वर्गात नेमकं हेच होत नाही. सर फळ्यावर लिहितात, पोट्टे एका सुरात म्हणतात. अख्ख्या तासात एकाच्या वाट्याला स्वतःचं एक वाक्य येत नाही. त्यापेक्षा दोघादोघांना बसवा. एकाजवळ चित्र, दुसऱ्यानं विचारून विचारून ओळखायचं. पोरगं 'माय आला' म्हणालं तर, 'हो का, माय आली? काय घेऊन आली?' चूकही सुधारते, बोलणंही तुटत नाही. याला पैसा लागत नाही, वेळ लागतो. आणि गुरुजींचा वेळ ऑनलाइन माहिती भरण्यात जातो, ही त्यांची तक्रार खोटी नाही.

निपुण भारतचं उद्दिष्ट २०२६-२७ पर्यंत तिसरीच्या मुलाला समजून वाचता यावं, हे आहे. जी भाषा पोरगं बोललंच नाही ती वाचताना अक्षरं जुळतात, अर्थ लागत नाही.

बारावी झालेली कोरकू पोरं-पोरी गावोगावी रिकामी बसून आहेत. त्यांना मानधनावर रोज एक तास पहिली-दुसरीच्या वर्गात गुरुजींच्या जोडीला बसवायला काय अडचण आहे, हे पंचायत समितीनं एकदा सांगावं.