आत्याचं फडकं आणि साठ रुपयांचा कागद

दिवाळी आली की आमच्या ऑफिसात चिठ्ठ्या टाकून गिफ्ट एक्स्चेंज होतं. बजेट तीनशे रुपये. मागच्या खेपेला मी दोनशे चाळीसचा मग घेतला आणि दुकानदाराने चकचकीत कागद, रिबीन, वर एक प्लॅस्टिकचं फूल लावून साठ रुपये जास्त घेतले. म्हणजे बजेटचा पाचवा हिस्सा कागदावर! समोरच्याने तो चार सेकंदांत टराटरा फाडला. असा कागद रद्दीवालाही घेत नाही. (सोपी चाचणी: कागद मुठीत चुरगाळा. मूठ सोडल्यावर आपोआप उलगडला, तर बहुतेक त्यात प्लॅस्टिक आहे.)

मग एचआरने 'इको-फ्रेंडली रॅपिंग'चं वर्कशॉप ठेवलं. फुरोशिकी, म्हणजे चौकोनी कापडात वस्तू बांधायची जपानी पद्धत. २००६ मध्ये तिथल्या पर्यावरणमंत्री युरिको कोइके यांनी तिचा जोरात प्रचार केला होता म्हणे. सगळे वा वा करत होते. मी मात्र ती गाठ बघून गप्प झालो. ही तर आमच्या आत्याची गाठ!

आत्या तळेघरची. मंचर-घोडेगाववरून भीमाशंकरकडे जाताना डिंभ्याच्या पुढे लागतं ते. दिवाळीला माहेरी यायची तेव्हा जुन्या धोतराच्या फडक्यात घरचा तांदूळ आणि खोकल्यासाठी मूठभर सुके हिरडे बांधून आणायची. चार टोकं, दोन गाठी, वर धरायला आपोआप झालेली मूठ. एका वर्षी माझे कॉलेजचे मित्र घरी बसलेले असताना ती आली. मी म्हणालो, "आत्या, एखादी बरी पिशवी नाही का मिळाली?" ती काहीच बोलली नाही. आईने तांदूळ घाईघाईने डब्यात ओतला, आणि ते फडकं पुढे आमच्याकडे पंखे पुसायला लागलं.

पुढच्या दिवाळीला आत्याने तांदूळ आणला तो कुठल्याशा साडीच्या दुकानाच्या चकचकीत प्लॅस्टिक पिशवीत. घड्यांवरून कळत होतं की ती वर्षभर जपून ठेवली होती.

म्हणून मला या 'क्रिएटिव्ह रॅपिंग'चं थोडं हसू येतं आणि थोडी लाजही वाटते. पगारदार माणसाने फडक्यात बांधलं की कल्पकता, आत्याने बांधलं की गरिबी! जपान्यांनी आपलं बोचकं मिरवलं, आपण आपलं लपवलं.

असो. मुद्द्याचं बोलू. प्रत्येक मराठी घरात हळदीकुंकवात फिरून फिरून आलेले ब्लाउजपीस पडून असतात, ते काढा. हिशोब असा: कापडाचा कर्ण खोक्याच्या सर्वांत लांब बाजूच्या साधारण तिप्पट हवा. ८० सेंमीच्या चौकोनाचा कर्ण ११३ सेंमी, म्हणजे ३५ सेंमीपर्यंतचं खोकं आरामात बसतं. मोठ्या वस्तूला पंचा किंवा उपरणं. पुस्तकाला कालनिर्णयचं सरलेल्या महिन्याचं पान, मागची पाककृती वर येईल असं. फराळ मात्र वर्तमानपत्रात थेट बांधू नका, शाई अन्नात उतरते. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१६ मध्येच तसं बजावलंय. आणि हो, कापड मुद्दाम नवं विकत आणलंत तर काटकसर कसली? आधी कपाट उघडा.

यंदा भाऊबीजेला आम्हीच तळेघरला गेलो. आत्याची साडी मी धुतलेल्या पंचात बांधून नेली होती. वर्कशॉपमधली गाठ. दुकानाची पिशवी का नाही, हे तिने विचारलं नाही. गाठ बघितली, म्हणाली, "ढिल्ली बांधलीस रं." साडी बाजूला ठेवून आधी पंचाची नीट घडी केली. मला वाटलं, ठेवून घेतला.

निघताना तोच पंचा हातात आला, तांदळाने गच्च भरलेला. म्हणाली, "फडकं रिकामं धाडत नसत्यात."

रविवारची दुपार आहे, घरी येऊन तास झाला. बायको तांदूळ धुवायला थांबलीये आणि ती गाठ काही माझ्याच्याने सुटत नाहीये.