जुन्या 'मसल कार'ला टर्बो लावला तर? इंजिन, कायदा आणि नायगावच्या हायवेचं गणित

नायगाव पूर्वेला आमच्या सोसायटीच्या गेटवर परवा एका कॉलेजच्या पोराने मोबाईल पुढे केला. रीलमध्ये १९६९ची मस्टँग होती. बॉनेट उघडं, आत दोन चकचकीत टर्बो, आणि एक्सलेटर दाबताच मागच्या चाकांतून धूर. त्याचा प्रश्न सरळ होता : "आपल्याकडे हे करता येतं का?"

प्रश्न वाटतो तितका हवेतला नाही. पूर्वी भारतात १९५०च्या आधीच्याच विंटेज गाड्या परवान्याशिवाय आयात करता येत होत्या. २०२५ मध्ये केंद्र सरकारने ही अट बदलली आणि ५० वर्षांहून जुन्या गाड्यांना दार उघडलं. म्हणजे साठच्या दशकातल्या आणि सत्तरच्या सुरुवातीच्या अमेरिकन मसल कार्स आता या यादीत बसतात. आयात शुल्क मोठं असल्यामुळे हा खेळ श्रीमंतांचाच राहणार. पण 'गाडी आणली, आता तिला टर्बो लावू' ही इच्छा श्रीमंतांपुरती नाही. जुन्या जिप्सीपासून सेकंडहँड सेडानपर्यंत सगळीकडे ती दिसते. आणि नियम सगळ्यांना जवळपास तोच आहे.

मसल कार म्हणजे काय?

मध्यम आकाराची, दोन दारांची गाडी आणि तिच्यात अवाढव्य व्ही-८ इंजिन, एवढंच. १९६४ची पॉन्टिअॅक जीटीओ ही या प्रकाराची सुरुवात मानली जाते. तिचं इंजिन ६.४ लिटरचं होतं. १९७०च्या शेव्हरले शेव्हेल एसएस ४५४ मध्ये तर ७.४ लिटरचं इंजिन मिळायचं आणि कंपनी ४५० हॉर्सपॉवरचा दावा करायची. तुलनेसाठी, आपल्या रस्त्यावरच्या बहुतेक छोट्या पेट्रोल गाड्यांचं इंजिन १.२ लिटर किंवा त्याहून लहान असतं.

मग टर्बो नेमकं काय करतो?

सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम धुराच्या जोरावर एक छोटा पंखा फिरतो. त्याच दांड्यावरचा दुसरा पंखा बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतो. हवा जास्त, म्हणजे पेट्रोल जास्त जाळता येतं, म्हणजे ताकद जास्त.

समुद्रसपाटीला, म्हणजे नायगावच्या मिठागरांच्या पातळीला, हवेचा दाब साधारण १४.७ पीएसआय असतो. टर्बोने त्यात ७ पीएसआयची भर घातली की इंजिनात जाणारी हवा ढोबळमानाने दीडपट होते.

भारतात टर्बो आला तो छोट्या इंजिनातून मोठ्या इंजिनाचं काम काढण्यासाठी. चार मीटरपेक्षा लहान आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवर कर कमी लागतो. सप्टेंबर २०२५ पासून त्यांच्यावर १८ टक्के जीएसटी आहे, तर मोठ्या गाड्यांवर ४० टक्के. म्हणून कंपन्या १ लिटरच्या इंजिनाला टर्बो लावून १०० हॉर्सपॉवर काढतात. मसल कारला टर्बो लावणं म्हणजे हेच गणित उलटं : जे आधीच मोठं आहे, ते आणखी मोठं.

तांत्रिक अडचण कुठे येते?

पहिली अडचण कॉम्प्रेशन. साठच्या दशकातली तगडी इंजिनं १०:१ किंवा ११:१ कॉम्प्रेशनवर चालायची. त्या काळी शिसं मिसळलेलं हाय-ऑक्टेन पेट्रोल मिळायचं म्हणून ते जमायचं. अशा इंजिनात दाबलेली गरम हवा भरली की ठिणगीने पेटलेली ज्वाळा पोहोचण्याआधीच उरलेलं पेट्रोल आपोआप भडकतं. यालाच नॉकिंग म्हणतात. त्यातून हेड गॅस्केट उडतं, पिस्टनला भोक पडतं. म्हणून टर्बोआधी पिस्टन बदलून कॉम्प्रेशन कमी करावं लागतं आणि हवा थंड करायला इंटरकूलर बसवावा लागतो.

हा धडा अमेरिकेतल्या एका कंपनीने १९६२ मध्येच घेतला होता. ओल्ड्समोबिलने जेटफायर ही टर्बो लावलेली व्ही-८ गाडी बाजारात आणली. कॉम्प्रेशन १०.२५:१ ठेवलं आणि नॉकिंग टाळायला पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण वेगळ्या टाकीतून इंजिनात सोडायची सोय केली. लोक ती टाकी भरायलाच विसरायचे. गाडी पुढच्याच वर्षी बंद झाली आणि नंतर कंपनीने ग्राहकांना टर्बो काढून साधा कार्बोरेटर बसवून देण्याची सोय दिली.

दुसरी अडचण आपल्या पंपावर आहे. आता मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉलमुळे ऑक्टेन वाढतो, हा फायदा. पण त्यात ऑक्सिजन असल्याने जुन्या कार्बोरेटरचं प्रमाण चुकतं : हवेच्या मानाने इंधन कमी पडतं आणि इंजिन जास्त तापतं. टर्बो असलेल्या इंजिनात हीच चूक महागात पडते. शिवाय जुने रबरी पाईप आणि सील इथेनॉलसाठी बनवलेले नसतात.

तिसरी अडचण थांबण्याची. त्या काळच्या अनेक गाड्यांना चारही चाकांना ड्रम ब्रेक असायचे. एबीएस नाही, एअरबॅग नाही. ताकद दीडपट केली तरी ब्रेक तेच राहतात.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीत असा बदल करता येत नाही, ज्यामुळे आरसीवरचा तपशील कंपनीने मुळात ठरवलेल्या तपशिलाशी जुळणार नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात हे आणखी स्पष्ट केलं : कंपनीच्या मूळ रचनेला छेद देणारा बदल मान्य नाही.

शिक्षा काय? कलम १८२अ नुसार मालकाला ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. गाडी बदलून देणाऱ्या डीलरला १ वर्षापर्यंत कैद किंवा प्रति वाहन १ लाख रुपये दंड होऊ शकतो. इथे लक्षात घ्या, कायद्याच्या व्याख्येत 'डीलर'मध्ये गाड्या दुरुस्त करणाराही येतो. म्हणजे हायवेलगतच्या गॅरेजवाल्याची जोखीम मालकापेक्षा मोठी आहे. धूर किंवा आवाज मर्यादेबाहेर गेला तर कलम १९० खाली १०,००० रुपयांपर्यंत वेगळा दंड आणि ३ महिने लायसन्स निलंबित.

विंटेज गाडीला सूट नाही का?

उलट, तिथे नियम जास्त कडक आहे. जुलै २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या गाडीची विंटेज म्हणून नोंदणी होते. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं आणि नंबरप्लेटवर राज्याच्या कोडनंतर 'व्हीए' ही अक्षरं. पण अट ही, की गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. अशी गाडी रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी रस्त्यावर आणता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशा कामांपुरतीच ती बाहेर काढता येते.

खरी मेख इथे आहे. गाडीचं मूळपण हाच तिचा रस्त्यावर यायचा परवाना. पिस्टन बदलून दोन टर्बो बसवले की तो परवानाच धोक्यात येतो. कोट्यवधींची गाडी मग ना विंटेज, ना नियमित.

आणि अपघात झाला तर?

न कळवलेला बदल हे विमा कंपनीसाठी दावा नाकारण्याचं थेट कारण ठरू शकतं. मालकाचं नुकसान एकवेळ सोडा, पण समोरच्याच्या भरपाईचा वादही कोर्टात लांबतो.

नायगावच्या बाजूने जाणारा मुंबई-अहमदाबाद महामार्ग आपल्याला नवा नाही. याच रस्त्यावर उत्तरेला, चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर, ४ सप्टेंबर २०२२ रोजी उद्योगपती सायरस मिस्त्री आणि जहांगीर पंडोल यांचा मृत्यू झाला. कंपनीच्या प्राथमिक अहवालानुसार धडकेच्या वेळी त्यांच्या मर्सिडीजचा वेग ताशी ८९ किलोमीटर होता. ती गाडी आधुनिक होती, एअरबॅग होत्या, तिच्यात कुठलाही फेरफार नव्हता. ५५ वर्षं जुन्या, ड्रम ब्रेकच्या गाडीत ५०० हॉर्सपॉवर घालून त्याच रस्त्यावर उतरायचं का, हा प्रश्न मग फक्त दंडाचा राहत नाही.

मग हौस पुरवायचीच नाही?

पुरवता येते, फक्त जागा बदलावी लागते. लोणावळ्याजवळ आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर 'द व्हॅली रन' ही ड्रॅग रेस होत आली आहे. बंद ट्रॅक, पाव मैल म्हणजे साधारण ४०२ मीटर अंतर, हेल्मेट आणि तपासणी. मॉडिफाय केलेल्या गाड्या तिथे उघडपणे धावतात. गाडी ट्रेलरवर न्यायची, पळवायची, ट्रेलरवरच परत आणायची.

सरकारच्या बाजूनेही एक विसंगती आहे. मान्यताप्राप्त किट असेल तर पेट्रोल गाडी सीएनजी किंवा इलेक्ट्रिक करता येते. त्यासाठी चाचणी आहे आणि आरसीवर नोंदही होते. ताकद वाढवणाऱ्या बदलांसाठी मात्र असा तपासून मान्यता घेण्याचा मार्ग नाही. त्यामुळे चांगलं काम करणारा आणि जुगाड करणारा, दोघेही कायद्यासमोर सारखेच गुन्हेगार ठरतात. ब्रेक, सस्पेन्शन आणि धुराची तपासणी करून परवानगी द्यायची व्यवस्था आली, तर लपूनछपून होणारं काम निदान कुणाच्या तरी नजरेखाली येईल.

तोवर त्या पोराला मी दिलेलं उत्तर असं : टर्बो लावता येतो, पण ती गाडी नायगावच्या रस्त्यावर आणता येत नाही. त्याने विचारलं, "मग आंबी व्हॅलीची एन्ट्री फी किती असते?"